घरगुती बेकरी आणि समाजाचा वाटा

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्यासारख्या कुटुंबांत ओव्हन नव्हता. दिवाळी जवळ आली की आई मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून जवळच्या बेकरीत नेई. बेकरीवाला नानकटाई भाजून देई व किलोमागे ठरलेली भाजणावळ घेई. त्याच्या भट्टीचे जळण, त्याच्या कारागिराची मजुरी यांची किंमत सर्वांना मान्य होती. परंतु तूप फेसण्यात, गोळे वळण्यात आणि रांगेत उभे राहण्यात आईचे जे दोन-तीन तास गेले, त्यांची किंमत मात्र कोणी कधी मांडली नाही.

आज अनेक भगिनी घरच्या घरी बिस्किटे, केक, पाव तयार करून विकतात. त्यांपैकी काहींच्या मनात अशीही इच्छा असते की, या कमाईतील थोडा भाग एखाद्या वसतिगृहाला, वाचनालयाला किंवा रुग्णांच्या मदतीला द्यावा. ही इच्छा फार चांगली आहे. पण ती टिकवायची असेल तर आईच्या त्या न मोजलेल्या तासांचा हिशेब आधी करावा लागतो. तो का व कसा करावा, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

माझी चूक

मी नानकटाई करून विकू लागले तेव्हा पाव किलोचा डबा ९० रुपयांना दिला आणि प्रत्येक डब्यामागे १० रुपये मुलांच्या वह्यांसाठी बाजूला ठेवले. शेजारच्यांनी, ओळखीच्यांनी कौतुक केले. डबे भराभर खपले. सहा महिन्यांनी धाकट्या मुलाने वहीत हिशेब मांडला आणि मला विचारले, "आई, तुला यात काय मिळाले?" किलोमागे माझ्या हाती १५ रुपये राहत होते, आणि त्यासाठी मी दीड तास उभी होते. म्हणजे वह्यांचे पैसे धंद्यातून जात नव्हते. माझ्या फुकटच्या श्रमातून जात होते. पुढच्या महिन्यात ओव्हनची कॉइल जळाली. ती बदलण्यास पैसे नव्हते म्हणून धंदा थांबला, आणि त्याबरोबर वह्याही थांबल्या. नुकसान माझे झाले, त्याहून अधिक त्या मुलांचे झाले. त्यांनी वह्या धरून चालले होते.

किंमत कशी काढावी

एक किलो नानकटाईचे उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. प्रत्येकीने आपल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलावेत.

मैदा ४०० ग्रॅम, २० रुपये. बेसन १०० ग्रॅम, १२ रुपये. पिठीसाखर २५० ग्रॅम, १५ रुपये. साजूक तूप ३०० ग्रॅम, १९२ रुपये. वेलदोडे व सोडा, ११ रुपये. एकूण सामान २५० रुपये. यात सर्वांत मोठा खर्च तुपाचा आहे, हे लक्षात येईल. तुपाचा भाव किलोमागे १०० रुपयांनी वाढला तर नानकटाईचा खर्च किलोमागे ३० रुपयांनी वाढतो. मैदा किंवा साखरेच्या भावाने एवढा फरक पडत नाही. म्हणून भाव पाहायचा तो आधी तुपाचा.

चार डबे व चिठ्ठ्या, ४० रुपये. वीज सव्वा युनिट, १५ रुपये. इथपर्यंतचा खर्च बहुतेकजणी धरतात. वीजही काहीजणी विसरतात. मीही विसरले होते. आता पुढचे पाहा. मळणे, वळणे, भाजणे, डबे भरणे आणि भांडी घासणे मिळून दीड तास. तासाला ८० रुपये धरले तर मजुरी १२० रुपये. तुटलेली नानकटाई, चव पाहण्यास दिलेली नानकटाई आणि ओव्हनच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून २५ रुपये. एकूण झाले ४५० रुपये.

डबा १३० रुपयांना विकला तर चार डब्यांचे ५२० रुपये येतात. खर्च वजा जाता ७० रुपये उरतात. त्यातून डब्यामागे १० याप्रमाणे ४० रुपये समाजकार्यास दिले तरी ३० रुपये धंदा वाढविण्यास राहतात. दान तेवढेच, वहीला मिळणारे पैसे तेवढेच. फरक एवढाच की करणारीला तिची मजुरी मिळाली आणि ओव्हन बिघडला तरी काम थांबणार नाही.

"१३० रुपयांना कोण घेईल?" अशी भीती वाटते. काही गिऱ्हाईक तुटतेही. पण ९० रुपयांत खपणारा माल आपल्या श्रमाच्या जिवावर स्वस्त झालेला असतो. किंमत कमी करायचीच असेल तर डबा लहान करावा, तुपाऐवजी दुसरा स्निग्ध पदार्थ वापरून तसे स्पष्ट लिहावे, किंवा एका वेळी जास्त माल भाजून वेळ व वीज वाचवावी. मजुरीचा रकाना मात्र रिकामा ठेवू नये.

विक्रीचा भाग की नफ्याचा भाग?

"आमच्या विक्रीतून दहा टक्के दान" असे अनेकजणी लिहितात. या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. वरील उदाहरणात विक्री ५२० रुपये आहे. तिचे दहा टक्के म्हणजे ५२ रुपये. उरलेल्या ७० रुपयांतून ५२ गेले तर हाती १८ राहतात. उलट नफ्याचे दहा टक्के म्हणजे अवघे ७ रुपये. शब्द एक बदलला आणि रक्कम सातपटीहून अधिक बदलली. गिऱ्हाईक "दहा टक्के" वाचतो तेव्हा तो बहुधा विक्रीचे दहा टक्के समजतो. आपण मनात नफा धरला असेल तर, नकळत का होईना, ती फसवणूकच होते.

म्हणून लहान धंद्याला सर्वांत सोपी व सरळ रीत म्हणजे नगामागे ठरलेली रक्कम. "या डब्यामागे १० रुपये वह्यांसाठी" हे लहान मुलालाही समजते, आणि महिन्याअखेर विकलेल्या डब्यांची संख्या मोजली की देणे किती ते निघते. विक्री कमी झाली तर देणेही आपोआप कमी होते. कर्ज काढून दान करण्याची वेळ येत नाही. दुसरी रीत म्हणजे महिन्यातून एक दिवस ठरवून त्या दिवसाचा संपूर्ण नफा देणे. ज्यांची विक्री सणासुदीलाच होते त्यांना ही सोयीची आहे.

पैसे द्यावेत की पदार्थ द्यावेत?

वसतिगृहाला बिस्किटे दिली तर मुलांना आनंद होतो यात शंका नाही. परंतु काही पथ्ये पाळावीत. न खपलेला, शिळा होऊ घातलेला माल दान म्हणून देऊ नये. जो पदार्थ आपण गिऱ्हाइकाला देणार नाही तो मुलांनाही देऊ नये. क्रीमचा केक थंड ठेवावा लागतो, तो दूर पाठवू नये. कोरडी बिस्किटे, नानकटाई, खारी चालते. नानकटाई भट्टीतून काढल्यावर मऊ असते व निवल्यावर खुटखुटीत होते. ती पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरली तर वाफ धरते व लवकर खराब होते. दान घाईने भरले जाते म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पैसे द्यायचे असतील तर नोंदणीकृत संस्थेला, शक्यतो बँकेमार्फत, आणि पावती घेऊनच द्यावेत. देण्यापूर्वी संस्थेला विचारावे की गरज कशाची आहे. आपल्याला वह्या द्याव्याशा वाटतात आणि तिथे वह्या भरपूर असून गरज असते ती परीक्षेच्या फीची, असे पुष्कळदा घडते.

आणखी एक गोष्ट. मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो, त्याचे नाव, त्याच्या घरची परिस्थिती डब्यावर किंवा जाहिरातीत छापू नये. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मदतीच्या रांगेत उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे. फीमाफीच्या यादीत नाव मोठ्याने वाचले जाताना मान खाली का जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दिलेल्या पैशाचा हिशेब जाहीर असावा. घेणाऱ्याचे नाव नसावे.

कायद्याच्या बाबी

घरी केलेला पदार्थ विकणे हा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली येणारा व्यवसाय आहे. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी ठेवली व तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरविले. मर्यादा व शुल्क शासन वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचे नियम पाहावेत. नोंदणी झाल्यावर चौदा अंकी क्रमांक मिळतो. डब्यावरील चिठ्ठीवर हा क्रमांक, घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, बनविल्याची तारीख व कधीपर्यंत खावे ते लिहावे. गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम असल्यास त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा. काहींना ते सोसत नाहीत. अंडे घातलेल्या केकवर शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह लावता येत नाही. "समाजकार्यासाठी विकतो" म्हणून यातून सूट मिळत नाही, आणि मिळू नये.

परत देण्याचे दुसरे रूप

समाजाला परत देणे म्हणजे केवळ देणगी नव्हे. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिथे पापड लाटणारी भगिनी नोकर नसून सहभागीदार आहे. बेकरीचेच उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे बौद्ध झेन आचार्य बर्नी ग्लासमन यांनी १९८२ साली सुरू केलेल्या ग्रेस्टन बेकरीचे घ्यावे. ज्यांना तुरुंगवासामुळे किंवा बेघर असल्यामुळे कोणी काम देत नाही, अशांना ही बेकरी मागील आयुष्याची चौकशी न करता कामावर घेते. या दोन्ही ठिकाणी मजुरी हेच समाजाला दिलेले पहिले देणे ठरले.

आपली बेकरी एका ओट्यापुरती असली तरी हा विचार तिलाही लागू पडतो. काम वाढले आणि शेजारची भगिनी डबे भरण्यास येऊ लागली की तिला "घरचीच आहे" म्हणून चहावर राबवू नये. तिच्या तासांचे पैसे आधी द्यावेत, दानाचा डबा नंतर भरावा.

विद्यार्थ्यांसाठी

घरी असा उद्योग चालत असेल तर विद्यार्थ्यांनी आईला एक मदत जरूर करावी. एका साध्या वहीला चार रकाने आखावेत: सामान, मजुरी, दुरुस्ती व समाजाचा वाटा. रोज रात्री पाच मिनिटे त्या भराव्यात. वाणिज्य शाखेच्या मुलांना पाठ्यपुस्तकातील उत्पादन खर्च याहून सोप्या रीतीने समजणार नाही. डिजिटल काट्यावर वजन करून देणे, चिठ्ठ्या लिहिणे, महिन्याचा हिशेब एका कागदावर काढून गिऱ्हाइकांना देणे हीही कामे करण्यासारखी आहेत. परीक्षेच्या काळात मात्र आईने मुलांकडून काम घेऊ नये.

माझा ओव्हन दुरुस्त झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती १३० रुपयांनी. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आले. जे राहिले त्यांच्यापैकी एका वयस्कर बाईंनी वाढीव किमतीचे कारण विचारले. मी हिशेबाचा कागद दाखविला. त्यांनी मजुरीच्या रकान्यावर बोट ठेवले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हे आम्ही कधी लिहिलेच नाही." त्यांनी दोन डबे घेतले.

वाचक भगिनींनी आपल्या वहीत हा रकाना आजच आखावा. जी स्वतःच्या श्रमाची किंमत करते तिचे दान आटत नाही.