रेकॉर्ड प्लेअर ठेवायचा कशावर?

लोणावळ्याजवळच्या औंढ्यासारख्या गावात आज दोन तऱ्हेची घरं शेजारी शेजारी दिसतात. एक जुनं मावळी घर: दगडी जोतं, लाकडी खांब, वर फळ्यांचा माळा. दुसरं आरसीसीचं, बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या कुटुंबानं सुटीसाठी बांधलेलं. हाय-फायचा एकच संच या दोन घरांत सारख्याच पद्धतीनं मांडून चालत नाही. शिवाय दोन्ही घरांवर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. दुकानातले तयार रॅक हा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नसतात. म्हणून आधी घराची जमीन, भिंत आणि ओल बघावी. कॅटलॉग त्यानंतर उघडावा.

संचातली सगळी यंत्रं कंपनांना सारखी दाद देत नाहीत. सर्वांत हळवा रेकॉर्ड प्लेअर. एलपीची खाच जेमतेम ५० मायक्रॉन रुंद असते, आणि तिच्यातली बारीक वळणं तर एका मायक्रॉनहूनही लहान असतात. सुई आणि टोनआर्म यांच्यात जी काही हालचाल होईल, तिची कार्ट्रिज वीज करतं. ती हालचाल गाण्याची की पावलांची, हे त्याला कळत नाही. त्यात भर म्हणजे रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो परत उचलतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज जवळपास नऊपट वाढतो. पावलांचा धक्का, आपटलेलं दार, रस्त्यावरचा ट्रक हे सगळं याच खालच्या पट्ट्यात येतं.

तुमच्या घरात हा त्रास किती आहे ते पाहायला उपकरण लागत नाही. थाळी थांबलेली असताना सुई रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज हळूहळू रोजच्या पातळीपर्यंत न्या. आता ज्या फळीवर प्लेअर आहे तिच्यावर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज आला, तर फळी कंपन सरळ सुईपर्यंत पोचवते आहे. मग कुणाला तरी खोलीत चालायला सांगा आणि वूफरच्या कागदाकडे बघत राहा. तो मागेपुढे डुलत असेल तर दोष जमिनीचा. दोन्ही वेळा शांतता असेल, तर नवा रॅक घ्यायची काही गरज नाही; ते पैसे रेकॉर्डवर खर्च करावेत.

त्रास असेल तर पहिला विचार मऊ पायांचा येतो: स्पंज, रबराच्या चकत्या, स्प्रिंगा. इथे थोडं गणित कामी येतं. वजन ठेवल्यावर आधार किती सेंटिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्यानं भागा. येईल ती त्या आधाराची नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये. १ सेंटिमीटर दबला तर ५ हर्ट्झ, १ मिलिमीटर दबला तर सुमारे १६. कंपन अडायला लागतं ते या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या पुढे. तिप्पट वारंवारतेला जेमतेम आठवा हिस्सा वर पोचतो. पण नेमक्या त्या आकड्यावर कंपन अडत नाही, उलट फुगतं.

पाव सेंटिमीटर दबणारी रबरी चकती १० हर्ट्झच्या जवळ येते (रबर हलताना जास्त कडक वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी वरच). आणि टोनआर्म व कार्ट्रिज यांच्या जोडीचा स्वतःचा अनुनाद बहुधा ८ ते १२ हर्ट्झमध्येच असतो. म्हणजे नको तिथेच दोघांची गाठ पडते. प्लेअरखाली हाताला लागेल ते रबर सरकवल्यावर आवाज आणखी बिघडल्याची तक्रार ऐकू येते, तिचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मऊ आधार द्यायचा तर पुरेसा मऊ द्यावा, नाहीतर अजिबात देऊ नये.

काही प्लेअरच्या पोटातच स्प्रिंगा असतात. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या एआर कंपनीनं १९६१ मध्ये थाळी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेवली. पुढे थोरेन्स आणि लिन या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. असे प्लेअर साधारण ३ ते ५ हर्ट्झवर डोलतात. स्पीकरकडून येणारी कंपनं ते छान अडवतात, पण माणसाच्या चालीपुढे त्यांचा इलाज नसतो. चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, आणि त्या ठेक्याची दुप्पट थेट त्या स्प्रिंगांच्या पट्ट्यात येते.

आता घराकडे वळू. तळमजल्याला मुरमाची भर, त्यावर कोबा आणि शहाबादी फरशी असेल, तर जमीन इतकी भक्कम असते की सरळ तिच्यावर जड रॅक उभा करावा. फक्त फरशी ठोकून बघावी. कुठे पोकळ वाजली तर ती जागा सोडायची. माळ्यावर मात्र जमिनीवर उभा केलेला कुठलाही रॅक, कितीही महाग असला तरी, फळ्यांबरोबर हलणारच. तिथे प्लेअर भिंतीवरच हवा.

कुठली भिंत, हेही ठरवावं लागतं. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून मावळात पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत महिनोन् महिने ओली राहते. तिथे प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही नकोत. दार जिच्यावर आपटतं ती भिंत, पाण्याचा प्रेशर पंप जिला लागून बसवलाय ती भिंतही नको. आतली, जमिनीपासून उठलेली, वजन पेलणारी भिंत उत्तम. जुन्या घरात लाकडी खांबाला ब्रॅकेट ठोकायचा मोह होतो, पण त्याच खांबावर माळा बसलेला असतो. वरचं प्रत्येक पाऊल त्यातून खाली उतरतं. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत सांध्यात भोक पाडलं की माती गळत राहते आणि बोल्ट ढिला पडतो, म्हणून ड्रिल दगडातच करावं. विटेच्या भिंतीला अँकर फास्टनर पुरतो. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांत साधा प्लग धरत नाही; तिथे त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे प्लग घ्यावेत, किंवा बोल्ट आरपार काढून मागून पट्टी लावावी.

नवं घर बांधत असाल तर याहून चांगला उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. डबे ठेवायला गवंडी कडप्प्याच्या फळ्या भिंतीत घुसवून बांधतो, तशीच एक फळी बैठकीच्या खोलीत बांधून घ्यावी. बाहेर ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर खोल आणि २ सेंटिमीटर जाड एवढा भाग राहिला, तर तेवढ्याचंच वजन १४ किलोच्या पुढे जातं. भिंतीत निदान १० सेंटिमीटर आत जाऊ द्यावी. कडप्पा थरांचा दगड आहे, तो थरातून सुटू शकतो. म्हणून खाली दोन लोखंडी अँगल हवेतच. दगड ठोकला की वाजतो. त्यासाठी प्लेअरच्या पायांखाली जाड फेल्टचा किंवा कॉर्कचा तुकडा पुरे. मात्र बांधताना पाणसळ दोन्ही दिशांनी लावायला मिस्त्रीला आवर्जून सांगा. स्वयंपाकघरात थोडा उतार खपतो. इथे टोनआर्म एका बाजूला ओढला जातो.

लाकडाचा रॅक करायचा तर पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ टाळावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एखाददुसऱ्या पावसाळ्यात कडा फुगतात, स्क्रू सैल होतात आणि फळी मध्ये वाकते. आयएस ७१० छापलेला मरीन प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडा, स्क्रूची भोकंसुद्धा, पॉलिशनं किंवा रंगानं बंद करून घ्याव्यात. सुतार बहुधा मागची न दिसणारी कड तशीच सोडतो. पाणी तिथूनच शिरतं, वाळवीही तिथूनच लागते. खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, पाठ उघडी, भिंतीपासून ५ सेंटिमीटर अंतर. काचेची दारं असलेली कपाटं दिसायला सुंदर, पण हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बंद जागेत बुरशी धरते, आणि सुटीचं घर तर आठवडाआठवडा बंदच असतं. रेकॉर्ड उभेच ठेवा. वेष्टणासकट शंभर एलपींचं वजन २० ते २५ किलो होतं; प्लेअरची फळी वाकू नये म्हणून त्यांना खालचा कप्पा द्या.

ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअरबद्दल थोडक्यात. बहुतेक यंत्रं ४३ सेंटिमीटर रुंद असतात, तेव्हा कप्पा ५५ सेंटिमीटर रुंद आणि मागच्या वायरी धरून ४५ ते ५० सेंटिमीटर खोल असावा. ॲम्प्लिफायरवर निदान १० सेंटिमीटर हवा हवी. रेकॉर्ड प्लेअर त्याच्या डोक्यावर ठेवू नका; ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरून घुंघुं आवाज येतो. अंतर थोडं वाढवलं तरी तो झपाट्यानं कमी होतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरखाली आणि सीडी प्लेअरखाली महागडे पाय लावण्यात मला अर्थ वाटत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर गोष्ट वेगळी: व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारली तरी ती स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. तिथे मऊ आधाराचा उपयोग आहे.

स्पीकर रॅकवर ठेवू नयेत, आणि प्लेअर खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नये. खर्ज तिथेच साचतो. बसल्यावर कान जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतात, ट्वीटर त्याच पातळीला हवा. मध्यम आकाराच्या स्पीकरला ६० ते ७० सेंटिमीटरचे स्टँड जमतात. चौकोनी लोखंडी पाइपचे स्टँड फॅब्रिकेटर सहज करून देतो. फरशीवर टोकदार पाय चालतात, खाली धातूची चकती घाला म्हणजे फरशीचा टवका उडणार नाही. माळ्यावर मात्र टोकं नकोत, मऊ पाय लावा, नाहीतर फळ्याच वाजू लागतात.

पाइप पोकळ ठेवला तर खणखणतो, म्हणून त्यात वाळू भरतात. ती पावसाळ्यात भरू नका. उन्हाळ्यात वाळू धुऊन, चाळून, घमेल्यात चुलीवर वाफ निघायची थांबेपर्यंत भाजा. पूर्ण गार झाली की पाइप तीन चतुर्थांश भरा आणि तोंड लगेच सिलिकॉननं बंद करा. ओली वाळू गेली तर पाइप आतून गंजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.