सोळा आण्यांचा हिशेब

शेतजमिनीचा तंटा उभा राहिला की आपण कायद्याला बोल लावतो. माझ्या मते पुष्कळसे तंटे मुळात अपूर्णांकांचे असतात. वडिलांच्या हिश्श्यातून मुलांचा हिस्सा कसा काढावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उदाहरण आमच्याच घरचे घेते. आजोबांनी स्वकष्टाने चार एकर, म्हणजे 160 गुंठे जमीन घेतली. 2009 साली ते मृत्युपत्र न करता वारले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे अशा मिळकतीत विधवा, मुलगे व मुली समान वारस ठरतात. तेव्हा आजी, बाबा, काका व आत्या यांना प्रत्येकी 1/4, म्हणजे 25 टक्के.

2020 साली बाबाही मृत्युपत्राविना गेले. आता माणसे सहा, म्हणून जमिनीचे सहा भाग करू नयेत. वाटायचा तो फक्त बाबांचा 1/4. त्याला वारस चार : आई, मी, धाकटा भाऊ आणि आजी, कारण मृताची आई ही पहिल्या वर्गातील वारस असते. 1/4 चा 1/4 म्हणजे 1/16.

यावरून नियम असा, की पिढी उतरताना गुणाकार करावा आणि एकाच व्यक्तीकडे दोन वाटांनी हिस्सा आला तर बेरीज करावी. आजीला पतीकडून 1/4 व मुलाकडून 1/16, एकूण 5/16.

टक्क्यांत 1/16 म्हणजे 6.25. त्यापेक्षा जुन्या कागदांतले आणे सोयीचे. आजी पाच आणे, काका चार, आत्या चार. आई, मी व भाऊ एकेक. बेरीज सोळा आणे, ताळा जुळला. एक आणा म्हणजे दहा गुंठे.

बाबांच्या हिश्श्यात आजीला गाळले, तर आम्हां तिघांना दहाऐवजी सव्वातेरा गुंठ्यांहून थोडे अधिक मिळतात. म्हणून चुकीचा हिशेब गोड लागतो! आत्याबद्दल तर “तिचे लग्न झाले, तिला कशाला जमीन?” असे सर्रास म्हटले जाते. पण लग्नाने मुलीचा हिस्सा घटत नाही. तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले तर गोष्ट निराळी. मात्र आपण किती सोडतो, हे तिला आधी कळावयास हवे.

(वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा हिशेब वेगळा, तेथे 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क दिला आहे.)

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. हा हिशेब एका कागदावर मांडून मी आजीला व आत्याला वाचून दाखविला आहे. सही करायची की नाही, ते आत्या ठरवील.