तोतरेपणा आणि वर्गातील उपहास

हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणताना ज्याचा पहिलाच वर्ण ओठांशी अडून बसतो, मान ताठरते, आणि मागील बाकांवरून ज्याची नक्कल सुरू होते, त्या मुलाच्या बुद्धीत अथवा धैर्यात काही न्यून आहे, हा समज सर्वस्वी निराधार होय. तोतरेपणाचा संबंध मेंदूतील वाणीच्या नियंत्रणाशी असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सुमारे ५ टक्के बालकांत तो प्रकटतो आणि बहुतेकांचा पुढे ओसरतो. हीच मुले समूहस्वरात कविता म्हणताना सहसा अडखळत नाहीत.

उपहास हे या विकाराचे मूळ नव्हे. परंतु त्याच्या धास्तीने उत्तर येत असूनही हात वर न करण्याची जी सवय जडते, ती अडखळण्याहून अधिक घातक ठरते. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात काही अनाथ बालकांना ‘तुमचे बोलणे सदोष आहे’ असे वारंवार बजावण्याचा जो निंद्य प्रयोग झाला, त्यात अस्खलित बोलणारी मुलेही बोलण्यास कचरू लागली.

म्हणून शिक्षकांनी मुलाचे वाक्य स्वतः पुरे न करता शांतपणे ऐकून घ्यावे, नक्कल करणारास तत्काळ ताकीद द्यावी, आणि वाचातज्ज्ञाचा सल्ला घेण्यास पालकांना उद्युक्त करावे. हे त्यांचे कर्तव्यच आहे.