सुगरणीचे यजमान

मराठी भाषेने पक्ष्यांना लिंगे वाटून दिली ती कुणाला विचारून, हे व्याकरणकारांनाच ठाऊक! कावळा तेवढा पुरुष आणि चिमणी तेवढी बाई. घार बाई, ससाणा बुवा. साळुंकी बाई, पोपट बुवा. गोष्टीतसुद्धा चिऊताई बाळाला तीट लावीत घरात बसते आणि कावळेदादा पावसात भिजत दार ठोठावतो. या गोष्टींवर आपण असे पोसलेले असतो की, अंगणातल्या पक्ष्याकडे पाहतानाही आपल्याला पक्षी दिसण्याआधी व्याकरण दिसते.

गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आणि राहते कोनला. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापासचा खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर आमचे गाव लागते. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे; मध्ये जी काही भातखाचरे उरली आहेत, त्यांपैकी एकाच्या बांधावर शिंदीची दोन झाडे आहेत. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. पक्षी पाहायचे म्हणजे दुर्बीण हवी, टोपी हवी, रजा हवी, असा पुष्कळांचा समज असतो. मला कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढी फुरसत पुरते.

या खिडकीने व्याकरणाच्या कितीतरी समजुतींना सुरुंग लावला आहे. कोकिळेचेच घ्या. गोड गळ्याच्या गायिकेला आपण कोकिळेची उपमा देतो. पण चैत्रात आंब्यावर बसून ‘कुहू’चा धोशा लावणारा तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा पक्षी म्हणजे कोकिळ, नर. खरी कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून निघून जाते आणि ज्याला आपण धूर्त, लबाड म्हणून बदनाम केले, तो कावळा आणि त्याची बायको दोघे मिळून ते परके पोर वाढवतात. गंमत अशी की, भारद्वाजही याच कोकिळेच्या कुळातला. पण तो आपले घरटे आपण बांधतो.

आमच्या कुंडीतल्या अनंताच्या झाडावर एका वर्षी शिंप्याचे घरटे झाले होते. पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून धागा ओवायचा आणि पानांची पिशवी करायची, ही या चिमुकल्या पक्ष्याची कला. रानात तो कापूस, तंतू, कोळ्याचे जाळे वापरतो. आमचा शिंपी मात्र भिवंडीकर! त्याच्या शिवणीत मागावरच्या निळ्या सुताचा तुकडा होता. गावचा धंदा पाखरांपर्यंतही पोचतो तो असा.

पण या सगळ्यांत मोठा विणकर शिंदीवर राहतो. त्याचे नाव सुगरण.

एकदा वर्गात बहिणाबाई चौधरींची ‘खोपा’ ही कविता शिकवत होते. सुगरणीने आपल्या पिलांसाठी एवढेसे घर झाडाला टांगले, तेही नुसत्या चोचीने. मग माणसा, तुला तर दोन हात दिले आहेत, असे ही कविता आपल्याला सुनावते. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. जवळच्याच एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, “मॅडम, पण घरटं तर नर बांधतो. आमच्या शेतावर पिवळ्या डोक्याचेच विणताना दिसतात.”

वर्ग हसला. एकाने लगेच विचारले, “मग कविता चुकली का, मॅडम?”

मुलगी म्हणत होती ते शंभर टक्के खरे होते. पावसाळ्याच्या तोंडाशी नराच्या डोक्यावर पिवळीधमक टोपी चढते आणि तो कामाला लागतो. भाताच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या कडेला खाच पाडायची, कड चोचीत धरून उडायचे, की लांबलचक पट्टी फाटून हाती येते. हाती म्हणजे चोचीत. अशा पाचशेपर्यंत खेपा एका घरट्याला होतात. घरटे अर्धे झाले, म्हणजे मध्ये आडवी दांडी असलेल्या उलट्या टोपलीसारखे दिसू लागले की माद्या पाहणीला येतात. आत शिरतात, चोचीने ओढून पाहतात. पसंत पडले तर नर खालची नळी आणि अंड्यांची खोली पुरी करतो. नापसंत झाले तर ते तसेच लोंबत राहते. झाडावर जी अर्धवट घरटी दिसतात, त्यांत अशी नाकारलेली बरीच असतात.

हे मी घरी सांगितले. “अहो, ऐकलंत का? सुगरणीत घर बांधतो तो नवरा.”

पेपरातून डोके वर न काढता हे म्हणाले, “म्हणजे बांधायचं त्यानं आणि पसंत करायचं तिनं. यात नवीन काय? हप्ते कोण फेडतो, ते सांग.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आणि घर पुरं झाल्यावर तो करतो काय?”

हा प्रश्न मात्र मुद्द्याचा होता. त्याचे उत्तर आपल्याच कोकणात सापडलेले आहे. 1930 साली सलीम अली जर्मनीहून शिकून आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली. त्यांना आढळले ते असे: मादी घरात राहायला आली, अंडी घातली, की नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ते लागले तर तिसरे. अंडी उबवायची मादीने एकटीने, आणि पिलांना भरवण्याचा बहुतेक सगळा भारही तिच्याच अंगावर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1931 साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, “मग बहिणाबाईंचं काय चुकलं?”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितले. बहिणाबाईंचा जन्म 1880 सालचा, जन्म गेला खानदेशातल्या शेतात. त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. शेतात राबणाऱ्या बाईला झाडावर जे दिसले ते तिने सांगितले. भर पावसात त्या हेलकावणाऱ्या घरट्याच्या तोंडाशी दिवसातून शंभरदा किडे घेऊन येणारी आईच असते. पिवळी टोपीवाला तेव्हा पलीकडच्या फांदीवर नव्या संसाराची विणकामे करीत असतो. बांधणारा तो, पोसणारी ती. कवितेने आई पाहिली, अभ्यासकाने विणकर पाहिला, आणि आमच्या मागच्या बाकावरच्या मुलीने कुणाचे न वाचता शेतावर उभे राहून तो पाहिला. या तिघांत खोटा कुणीच नाही. मात्र तिघांनाही एक गोष्ट लाभली होती, ती म्हणजे डोळ्यांसमोर घरट्यांनी लगडलेले झाड.

तेच आता दुर्मिळ होत चालले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. सुगरणीला नुसते झाड पुरत नाही. विणायला लांब पात्याचे गवत किंवा भात हवा, पिलांसाठी किडे हवेत, जवळ पाणी हवे. आमच्या बांधावरच्या शिंदी कुणी तोडल्या नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात लगतच्या खाचरात मुरमाची भरणी झाली, आणि पावसाळ्यात पाहते तो एका शिंदीवर एकही घरटे नाही. दुसरीवरचे विणकर रस्त्यापलीकडून पाती आणीत होते. मालाच्या ट्रकांवरून, एकेक पट्टी घेऊन. जमिनीच्या मालकाला दोष देणे सोपे आहे. भातात भागत नाही आणि गोदामाचे भाडे दरमहा येते. आपण घरबसल्या मागवलेल्या वस्तू शेवटी अशाच कुठल्या तरी गोदामातून आपल्या दारी येतात.

माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला आणखी एक काळजी वाटते. मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त ती मराठीला दिली. 2025 साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. कोशात नाव राहील हो, पण ते नाव बरोबर की चूक हे पाहायला शेतावर पक्षीच नसला, तर मागच्या बाकावरून उठून “मॅडम, पण” असे म्हणणार कोण?

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गावाकडे जाल, तर बांधावरच्या शिंदीकडे, बाभळीकडे एकदा मान वर करून पाहा. घरटी आता रिकामी असतील. दिवाणखान्यात टांगायला छान दिसतील असा मोह होईल, तो आवरा. सुगरणीने सोडलेल्या घरात पुष्कळदा मुनिया बिऱ्हाड करतात. मुलांना मात्र दाखवा: हे पुरे झालेले, हे नाकारलेले. आणि पुढच्या पावसात त्यांना पुन्हा तिथे न्या, पिवळी टोपी घातलेले यजमान कामाला लागलेले असताना. शिंदी उभी असेलच. तिच्या पायथ्याशी तेवढे खाचर राहू द्या.