पंखे फिरतात, पडदा काळा

शनिवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, डिस्प्ले येत नाहीये." आवाज असा, की घरातलं कुणीतरी आयसीयूत आहे. गेला महिनाभर त्याचे डोंबिवलीहून ग्रँट रोडला खेटे चालले होते. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण सुटे भाग घ्यायला जाणारा कुणी ते नाव घेत नाही) दहा दुकानांत भाव काढून, एकेक खोकं छातीशी धरून लोकलमधून आणून, त्यानं शनिवारचा अख्खा दिवस कॉम्प्युटर जोडण्यात घालवला होता. बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटमध्ये गणपतीच्या मखरासारखे रंगीत दिवे लागले. आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल' एवढंच.

आपल्याकडे लाइट येतात, नळाला पाणी येतं, तसा डिस्प्लेही 'येतो'. कुणी आणत नाही, आपला आपण येतो. आला नाही की मग 'बोर्ड उडाला', 'प्रोसेसर गेला' असली निदानं सुरू होतात. पण नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण लगेच नळ बदलत नाही. गच्चीवरची टाकी बघतो, पंप चालू आहे का बघतो, वॉल्व कुणी बंद केलाय का ते वॉचमनला विचारतो. पडद्यावरचं चित्र हे सगळ्यात शेवटी येणारं पाणी आहे. 'काय बिघडलंय' हा प्रश्न बाजूला ठेवून 'गाडी कुठपर्यंत आली' असं विचारलं, तर निम्मी रात्र वाचते. आणि कोऱ्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा काहीच जळलेलं नसतं, काहीतरी लागायचं राहिलेलं असतं.

फोनवरच विचारून घेण्याचे दोन-तीन प्रश्न असतात, ते विचारले. मॉनिटरवर इनपुट बरोबर निवडलंय का? केबल ग्राफिक्स कार्डात लावलीस की मदरबोर्डात? हा दुसरा प्रश्न ऐकायला बावळट वाटतो, पण भल्याभल्यांना तो नडलाय. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची भोकं दोन ठिकाणी असतात, वर मदरबोर्डाची आणि खाली कार्डाची. वरचं आधी दिसतं, म्हणून हात तिथे जातो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, त्यांच्यात चित्र काढायची सोयच नसते. अशा प्रोसेसरबरोबर मदरबोर्डाच्या भोकात केबल खुपसून रात्रभर बसलं तरी काही दिसणार नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० तसाच, आणि त्याचा भाऊ ५६००जी चित्र काढणारा. एका अक्षरानं एवढा फरक पडतो आणि दुकानात गर्दीत ते अक्षर कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

भाच्याची केबल बरोबर होती. मग चप्पल घालून निघालो.

"पंखे तर फिरतायत," तो दारातच म्हणाला. हे सगळेच म्हणतात, आणि यातूनच गैरसमज होतो. पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएसला भिंतीतून वीज मिळतेय आणि तो १२ व्होल्ट बाहेर सोडतोय. पंख्याला अक्कल लागत नाही. प्रोसेसर जागा झाला की नाही, हे पंख्याला माहीत नसतं.

इंटेलनं १९९५मध्ये एटीएक्स नावाची मांडणी ठरवून दिली, तिच्यावरच आपले घरगुती कॅबिनेट आणि एसएमपीएस आजही चालतात. बोर्डाला वीज देणारा जाड कनेक्टर तेव्हा २० पिनांचा होता, पुढे २४चा झाला. प्रोसेसरची भूक वाढत गेली, तसा त्याच्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा कनेक्टर आला, आधी चार पिनांचा आणि मग आठचा. तो बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, कूलर आणि कॅबिनेटचं छत यांच्या सांदीत असतो. एकदा बोर्ड आत बसवून स्क्रू आवळले की तिथे बोटं शिरत नाहीत. मी मोबाइलचा टॉर्च मारला. आठही भोकं रिकामी, कोरी, चकचकीत. वायर मागच्या बाजूला केबल टाय लावून सुबक बांधून ठेवलेली. त्याला वाटलं होतं, ती जास्तीची आहे.

ती वायर लावताना एक गोष्ट मुद्दाम बघितली. ग्राफिक्स कार्डाची वायरही आठ पिनांची असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि अर्थ यांच्या बाजू उलट्या असतात. पिनांचे आकार वेगवेगळे ठेवलेत, त्यामुळे चुकीचा प्लग सहजी जात नाही. जात नाही म्हणून जोर लावणारे मात्र महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. प्लगवर 'सीपीयू' असं छापलेलं असतं, ते वाचावं आणि मगच दाबावं. हे सगळं मागचं बटण बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून. एसएमपीएसचा डबा मात्र काही झालं तरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

परत बटण दाबलं. या वेळी काहीतरी बदललं, पण ते पडद्यावर नव्हतं.

बटण दाबल्यावर होतं काय, तर एसएमपीएस आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो आणि ते झाल्यावर, सेकंदाच्या एक दशांशापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत, बोर्डाला 'वीज ठीक आहे' असा एका वायरवरून निरोप देतो. तोवर प्रोसेसरला धरून ठेवलेलं असतं. मग बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला बायोस हा प्रोग्राम चालू होतो. या क्षणी ना विंडोज असतं, ना हार्ड डिस्क ओळखलेली असते. बायोस एकेकाची हजेरी घेतो: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स. ग्राफिक्सचं नाव पुकारलं जाईपर्यंत पडदा काळाच राहणार, कारण चित्र काढणारा अजून कामावर आलेला नसतो. आपली तक्रार पडद्यावर लिहून दाखवायची तर मुळात पडदा चालायला हवा, ही यातली गंमत.

म्हणून १९८१च्या आयबीएम पीसीपासून तक्रार आवाजात करायची पद्धत पडली. सगळं ठीक असेल तर एकदाच 'टीं'. नसेल तर लांब-आखूड आवाजांचा ठरलेला क्रम. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं वैद्यानं नाडी बघावी तशी डोळे मिटून ते ऐकायची आणि 'रॅम' असं म्हणायची. तो शेंगदाण्याएवढा बझर आता बहुतेक कॅबिनेटमधून गायब झालाय. वाटाण्याएवढे दिवे लावलेल्या पंख्यांवर पैसे जातात, पण बझर काही मिळत नाही, याचा मला अजून राग आहे. त्याच्या बदल्यात बऱ्याच नव्या बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात 'सीपीयू', 'डीरॅम', 'व्हीजीए', 'बूट' असं लिहिलेलं असतं. हजेरी जिथे अडली, तो दिवा पेटलेला राहतो.

मघाशी 'सीपीयू'चा दिवा लागलेला होता, रंगीत झगमगाटात तो कुणी बघितलाच नव्हता. आता तो विझला होता आणि 'डीरॅम'चा पिवळा दिवा लागला होता. म्हणजे गाडी एक स्टेशन पुढे आली होती.

रॅमच्या पट्ट्या दोन होत्या, स्लॉट चार. दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, असं बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. भाच्यानं शेजारी शेजारी लावल्या होत्या, पहिल्या आणि दुसऱ्यात. त्या काढल्या. पट्टी परत बसवताना आधी खाच जुळवायची आणि मग दोन्ही टोकांवर अंगठ्यानं इतकं दाबायचं, की बोर्ड किंचित वाकतोय असं वाटून पोटात गोळा यावा. 'खट्' असा आवाज आला की बसली. नवख्या माणसाचं दाबणं नेमकं त्या आवाजाच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबतं. भाचा दप्तरातून खोडरबर घेऊन आला. रॅमच्या सोनेरी पिना खोडरबरनं घासायच्या, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. जुन्या, दमट हवेत पडून राहिलेल्या पट्टीवर तो चालतोही. पण आज सकाळी पाकिटातून काढलेल्या पट्टीवर काय घासणार? खोडरबर परत दप्तरात गेला.

दिवा पिवळाच. मग एकच पट्टी लावून बघितली, मग दुसरी. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं, त्याच्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय होती म्हणून. ही पद्धत चांगली आहे. भर घालत बसण्यापेक्षा काढत जावं. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बस. कुणी कुणी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करतात. बोर्डाखालची पितळी खुंटी चुकीच्या जागी राहिली असेल आणि मागून शॉर्ट होत असेल, तर ते अशानं लगेच कळतं. बाहेर ठेवल्यावर पॉवरचं बटण नसतं, पण ते बटण म्हणजे दोन पिना क्षणभर जोडणं एवढंच असतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना लावलं तरी चालू होतो.

साडेबारा झाले. आम्ही बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल काढला, थांबलो, परत लावला. त्यानं बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. बटण दाबलं. पिवळा दिवा. तीस-चाळीस सेकंद वाट बघून भाच्यानं बटण दाबून बंद केला. परत चालू. परत बंद. असं आम्ही सहा-सात वेळा केलं असेल, आणि चूक तीच होती.

त्याची रॅम डीडीआर-५, सहा हजारवाली. सहा हजार म्हणजे एकेका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट. प्रत्येक बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा सहावा हिस्सा येतो. एवढ्या वेळात प्रकाश मोकळ्या जागेत पाच सेंटिमीटर जातो, आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून विजेचा इशारा जेमतेम त्याच्या निम्मा, बोटाच्या एका पेराएवढा. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये अशा शेकडो रेघा. बोर्ड बनवणारे त्यांची लांबी जुळवायला त्यांना मुद्दाम नागमोडी वळणं देतात. टॉर्च मारला तर ती दिसतात, रांगोळीतल्या सर्पिल रेघांसारखी. तरीही थोडाफार फरक उरतोच, आणि रॅमचा, बोर्डाचा, प्रोसेसरचा प्रत्येक नग वेगळा. त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर बायोस रॅमवर ठरलेले आकडे लिहितो, वाचतो, वेळ केसभर मागेपुढे करतो, परत लिहितो, परत वाचतो. असं करत प्रत्येक रेघेसाठी नेमका क्षण शोधतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर-५वर पहिल्या खेपेला याला काही मिनिटंही लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा आणि 'डीरॅम'चा दिवा पेटलेला. बाहेरून बघणाऱ्याला बिघाड आणि अभ्यास यातला फरक कळायची सोय नाही. एकदा जमलं की बायोस ते आकडे जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यांचा उपयोग करतो.

म्हणजे आम्ही काय करत होतो? मूल पाढे पाठ करायला बसलंय आणि दर चाळीस सेकंदांनी आम्ही त्याच्या पाठीत धपाटा घालून 'पहिल्यापासून म्हण' असं सांगतोय. सेल काढला तेव्हा तर पाटीही पुसली.

भाच्याला म्हटलं, आता बटणाला हात लावायचा नाही. दोन्ही पट्ट्या दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, चालू केला आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ताई जागीच होती. तिनं न विचारता चहा टाकला. भाचा दर अर्ध्या मिनिटानं मान वळवून बाहेर बघत होता. बोर्ड परत द्यावा लागला तर दुकानदार घेईल का, खोकं फाडायला नको होतं का, हे प्रश्न त्यानं दोनदोनदा विचारले. मी आलं किसत होतो. ताई कप घ्यायला बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, त्या टीव्हीवर काहीतरी इंग्रजी आलंय बघ!"

निळसर पडदा, रॅम ३२ जीबी, प्रोसेसरचं तापमान ४१ अंश, तारीख साफ चुकलेली. विंडोज अजून टाकायचं होतं आणि पेनड्राइव्ह कुणाकडेच नव्हता. कॅबिनेटच्या पुढचा पॉवरचा दिवाही लागला नव्हता. बटणाच्या वायरीला उलट-सुलट चालतं, दिव्याच्या वायरीला चालत नाही, ती उलटी लागलीय. पण झाकणाचे चारही स्क्रू भाच्यानं तोवर लावून टाकले होते, आणि ते परत काढायला रात्री दीडला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं.