इंजेक्टर बदलण्यापूर्वी दोष सिद्ध करा

पावसाळ्यात पंधरा दिवस अंगणात उभी राहिलेली जुनी पेट्रोल मोटार सुरू करावी, तर इंजिन थरथरते, चढणीवर गाडी दम सोडते आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये अशा वेळी बहुधा एकच निदान ऐकू येते : ‘इंजेक्टर गेले, चारही बदलावे लागतील.’ हे निदान कधी खरे असते. पण कित्येकदा इंजेक्टर निर्दोष निघतो आणि नवा संच बसवूनही थरथर कायम राहते. म्हणूनच खर्चाला होकार देण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहून घेणे हिताचे.

आपल्याकडे २००० च्या सुमारास कार्बोरेटरची जागा एमपीएफआय पद्धतीने घेतली. या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असतो. तो म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारी एक चिमुकली झडप. पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुरवतो, संगणकाचा संकेत येताच झडप काही मिलिसेकंद उघडते आणि पेट्रोल तुषारांच्या रूपाने आत जाते. इतक्या सूक्ष्म छिद्रांत थोडा जरी थर साचला, तरी इंधनाचे प्रमाण बिघडते.

इंजेक्टर तीन प्रकारे बिघडतो. तो चोंदला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते, ते ‘मिसिंग’ करू लागते. तो गळू लागला तर स्पार्क प्लगवर काजळी धरते, गरम इंजिन लवकर सुरू होत नाही आणि न जळलेले पेट्रोल तेलात मिसळते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होऊ शकतो. त्याची कॉइल तुटली तर तो सिलिंडर पूर्ण बंद पडतो.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे दोषी सिलिंडर शोधणे. इंजिन सुरू ठेवून एकेका इंजेक्टरचा विद्युत कनेक्टर क्षणभर काढावा. निरोगी सिलिंडरचा कनेक्टर काढताच इंजिनाचा वेग घटतो. ज्याचा काढूनही फरक पडत नाही, तोच सिलिंडर आजारी. स्कॅनर जोडता येत असेल, तर ‘पी०३०२’ हा संकेत दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवतो. मात्र संकेत दोषाची जागा सांगतो, कारण सांगत नाही.

दुसरी पायरी अदलाबदलीची. आजारी सिलिंडरचा स्पार्क प्लग आणि त्याची कॉइल किंवा वायर एकेक करून शेजारच्या सिलिंडरला लावावी. दोष त्या भागाबरोबर सरकला, तर इंजेक्टर निर्दोष ठरतो.

दोष जागचा हलला नाही, तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाजवळ धरून ऐकावे. फिरत्या पट्ट्यापासून मात्र दूर राहावे. नियमित टकटक ऐकू आली, तर झडप हलते आहे. आवाज नसेल, तर इंजिन बंद करून मल्टिमीटरने रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत तो ११ ते १६ ओहम असतो. रोध ठीक असूनही आवाज नसेल, तर वायरिंग आणि कनेक्टर तपासावेत. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. तेवढा साफ करूनही काम भागू शकते. टकटक असूनही सिलिंडर दुबळा असेल, तर कॉम्प्रेशन पाहावे. चारही सिलिंडर एकाच वेळी दुबळे वाटल्यास प्रथम संशय फिल्टर आणि पंपावर घ्यावा.

एवढे झाल्यावरच इंजेक्टर बाहेर काढून यंत्रावर तपासावेत. चोंदलेला इंजेक्टर अल्ट्रासॉनिक सफाईने बहुधा सुधारतो. कॉइल गेलेला किंवा सफाईनंतरही गळणारा इंजेक्टर मात्र बदलावाच लागतो आणि नवा त्याच पार्ट नंबरचा हवा.

बदलताना खरा धोका आगीचा. इंजिन थंड असावे, जागा मोकळी असावी, अग्निशामक हाताशी असावा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतील दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजेक्टर उपसण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी. ओ-रिंग नेहमी नव्या, स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून बसवाव्यात. जुन्या ओ-रिंगवर भागवणे म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याला निमंत्रण. शेवटी तार आणि फ्यूज जोडून, इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ‘ऑन’ करावी आणि प्रत्येक सांधा कोरडा असल्याची खात्री करावी.

डिझेल गाडीवर मात्र हे प्रयोग करू नयेत. कॉमन रेल पद्धतीत दाब १,००० बारच्याही वर जातो आणि त्या फवाऱ्याने कातडी भेदली जाते. ते काम जाणत्या कारागिराचेच.

गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारावा : ‘कोणता इंजेक्टर, आणि कशावरून?’ उत्तरात चाचणीचा उल्लेख नसेल, तर पैसे मोजण्याची घाई करू नये.