ताप उतरला तरी लागणीची घाई नको

सभासद बंधू-भगिनींनो,

लागण, बांधणी, पाण्याची पाळी यांच्या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात. पण चिकुनगुन्यातून उठायलाही वेळ द्यावा लागतो, हे आपण विसरतो. पावसाळ्यात हा आजार जोर धरतो आणि नेमकी तेव्हाच आडसाली लागणीची गडबड असते. म्हणून हे चार शब्द.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. पुढे तो दिसेनासा झाला आणि २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा उसळला. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतले; अर्थ, 'वाकवून टाकणारा'. ज्यांनी तो भोगला त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या विषाणूला मारणारे औषध नाही. तेव्हा "सलाईन लावा, उद्या शेतावर जायचंय" असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. विश्रांती घ्यावी. पाणी, ताक, पेज वरचेवर घ्यावी. डॉक्टर सांगतील तेवढीच पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी. दुकानातून अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन परस्पर आणू नये. डेंग्यूची सुरुवातही अशीच होते आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून रक्त तपासून घ्यावे. पोटात जोराने दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे किंवा गुंगी दिसली, तर ताप उतरलेला असला तरी लगेच दवाखाना गाठावा.

पहिला आठवडा आजारी माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे. हा डास दिवसा चावतो आणि त्या माणसाचा विषाणू घरातल्या दुसऱ्याला देतो. बेणे प्रक्रियेचे पिंप काम झाल्यावर पालथे घालावे. पाण्याच्या टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करून घासाव्यात, कारण डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

खरी परीक्षा ताप गेल्यावर. सकाळी उठताना मनगटे, बोटे, घोटे आखडतात. कुणाचे काही आठवड्यांत सुटतात, कुणाला महिनोन्‌महिने लागतात. ते सोंग नव्हे. घरधनी आजारी पडला तर त्याला खाट मिळते. घरची बाई मात्र चौथ्या दिवशी चुलीपुढे दिसते. सुजल्या मनगटाने भाकरी थापणे काय असते, ते तिलाच ठाऊक. तिलाही तेवढीच विश्रांती द्या. सांधे हळूहळू हलवावेत, अंगणात फिरावे. पण टिकाव, पाठीवरचा पंप, मोळी इतक्यात नको. सूज हटेना तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

आणि लागणीचे काय? आडसालीची मुदत १५ जुलै ते १५ ऑगस्ट. ती हुकली तर १५ ऑक्टोबरपासून पूर्वहंगामी आहे, त्यामागून सुरू. टनेज थोडे कमी बसेल, पण रान कुठे पळून जात नाही. गटाच्या शेती मदतनीसाकडे निरोप द्या, पुढचे नियोजन बसून ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी